करवतखाना

सोलापुरात जन्म घेऊन आणि साठ वर्षे तेथेच वास्तव्य करूनही ज्याचा एकाही यंत्राशी संबंध आला नाही असा मनुष्य मीच एकटा असेन, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. ज्या गावात १८७७ साली पहिली कापडगिरणी धूर सोडू लागली आणि पुढे धाकट्या गिरण्या उभ्या राहिल्यावर जिला 'जुनी मिल' हे वडीलकीचे नाव प्राप्त झाले. ज्या गावात लक्ष्मी आणि विष्णू हे दांपत्य मुलांना देव म्हणून कळण्याआधी भोंगे म्हणून कळत असे. ज्या गावात १८८२ साली वालचंद हिराचंद जन्मले आणि पुढे एकाच आयुष्यात जहाजे, विमाने व मोटारी या तिन्हींना हात घालून बसले. त्या गावात मी छत्तीस वर्षे संधी, समास आणि प्रयोग शिकवून सेवानिवृत्त झालो, आणि त्या प्रदीर्घ अवधीत मी स्वहस्ते दुरुस्त केलेली एकमेव वस्तू म्हणजे वर्गातील खडूची पेटी होय. तीही दुसऱ्या दिवशी पुन्हा मोडली.

निवृत्तीनंतर आमच्या कुटुंबाने एक देव्हारा करून घ्यावा असा ठराव मांडला. सुताराने सांगितलेला आकडा ऐकून मी, केवळ त्या क्षणाच्या आवेशात, "त्यात काय आहे? मीच करीन," असे म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात अनेक बाबतींत उच्चारले असून त्याचा परिणाम कधीही चांगला झालेला नाही. परंतु विजापूर रस्त्यावरील आमच्या घरामागे मोटार ठेवण्यासाठी बांधलेली आणि मोटार न घेतल्यामुळे रिकामी राहिलेली एक खोली होती, आणि रिकामी खोली व रिकामा मनुष्य यांची गाठ पडली की काहीतरी अनर्थ ओढवतोच.

तो अनर्थ मला भंगारबाजारात भेटला. चात्यांच्या आणि मोडक्या दातेरी चाकांच्या ढिगाखालून चार बिडाचे पाय बाहेर आले होते, आणि त्यांच्यावर एक बिडाचेच सपाट टेबल होते. टेबलाच्या मध्यभागी एक लांबट खाच होती व त्या खाचेतून गंजलेल्या गोल पात्याचा वरचा भाग, चतुर्थीच्या चंद्राप्रमाणे, जेमतेम उगवलेला दिसत होता. एका बंद पडलेल्या गिरणीच्या सुतारखात्यात, साच्यांचे लाकडी भाग कापण्यासाठी, ही गोल करवत अनेक वर्षे राबली होती, असे भंगारवाल्याने सांगितले. मी तिच्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. आणि माझ्या चेहऱ्यावरील भाव पाहून त्याने आपला भाव बदलला. जी वस्तू सकाळपर्यंत किलोच्या दराने लोखंड होती ती दुपारी यंत्र झाली. काट्यावर तिचे वजन पावणेदोनशे किलो भरले. दोन फुटी देव्हाऱ्यासाठी पावणेदोनशे किलोचे साधन घेणारा मनुष्य मी पाहिलेला नाही, असे भंगारवाला म्हणाला नाही, पण टेंपो भरताना तो गुणगुणत होता.

यंत्र घरी उतरत असताना आमच्या कुटुंबाने दारातून एकच प्रश्न विचारला : "अहो, हे शिलाईयंत्र आहे का?" मी "नाही" म्हटल्यावर त्या आत गेल्या आणि सुमारे दोन दिवस या विषयावर काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांचे न बोलणे नेहमीच अधिक सविस्तर असते.

आमचे शेजारी हे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. कोणतीही वस्तू पाहिली की तिचा पंचनामा केल्याखेरीज त्यांना अन्न गोड लागत नाही. तासाभरात ते फुलस्केपचा ताव घेऊन हजर झाले आणि यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घालून त्यांनी नोंद केली : 'बिडाचे यंत्र नग एक, अदमासे फार जुने, चालू स्थितीत नाही, मालक नग एक, चालू स्थितीत.' मग त्यांनी आवाज खाली आणून मला विचारले, की ही आरागिरणी समजली जाणार किंवा कसे, याचा मी विचार केला आहे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या हुकुमाने वनक्षेत्रातल्या आरागिरण्यांवर गदा आली, हे ते मला तारीखवार समजावून सांगू लागले. आमचे घर वनक्षेत्रात मोडत नाही असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी खात्री करून घेण्यासाठी अंगणातील वृक्षसंपदेची मोजदाद केली. ती शेवगा एक, कढीपत्ता एक आणि तुळस दोन अशी भरली. यंत्राचा परवान्याशी संबंध येत नसल्याचा शेरा मारून त्यांनी सही केली आणि त्या कागदासाठी एक नवे दप्तर बांधले. जुन्या मिलची भानगड १९५० साली थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, तेव्हा सोलापूरच्या यंत्राबाबत गाफील राहणे बरे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या दृष्टीने जगातील प्रत्येक वस्तू अखेर एका निकालपत्राकडे निघालेली असते.

यंत्राचे कूळ हा पुढचा वादविषय. नावाची पट्टी केव्हाच नाहीशी झाली होती. तिच्या जागी चार भोके तेवढी उरली होती, आणि त्या चार भोकांत ज्याला जे दिसेल ते त्याने पाहावे अशी सोय होती. अव्वल कारकुनांच्या मते यंत्र अस्सल विलायती, कारण एवढे बीड आपल्याकडे कोणी फुकट घालवत नाही. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या माझ्या पुतण्याच्या मते ते जर्मन होते. त्याने कारण दिले नाही. मी पाहुण्यांना "मँचेस्टरकडचे असावे," असे सांगू लागलो आणि आठवडाभरात 'असावे' हे क्रियापद माझ्या बोलण्यातून गळून पडले.

गंज काढण्याचा खटाटोप मी एकट्याने आरंभला. टेबलाला रॉकेल पाजून, तारेच्या ब्रशाने घासून, नंतर पॉलिश पेपरचे तुकडे झिजवून तीन दिवसांत मी एक वीतभर जागा स्वच्छ केली आणि तीत माझाच चेहरा दिसू लागल्यावर मला इतका आनंद झाला, की उरलेला दिवस मी तो पाहण्यातच घालवला. लहान भागांसाठी पुतण्याने शास्त्रीय उपाय सुचवला. पाण्यात धुण्याचा सोडा कालवावा, गंजलेला भाग त्यात बुडवून त्याला बॅटरी चार्जरचे ऋण टोक जोडावे, शेजारी एक टाकाऊ लोखंडी पत्रा सोडून त्याला धन टोक द्यावे, आणि मग बुडबुडे येत राहतात व गंज आपण होऊन सुटा होतो. उपाय खरोखर रामबाण आहे. फक्त त्यासाठी पिंपभर पाणी लागते, आणि ज्या गावात नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येते त्या गावात पिंपभर पाणी म्हणजे काय, हे त्या मुलाला वसतिगृहात राहिल्यामुळे ठाऊक नव्हते आणि मला निवृत्त झाल्यामुळे विस्मरण झाले होते. नळ तिसऱ्या दिवशी यायचा होता. सायंकाळी भात टाकण्यासाठी कुटुंबाने निळ्या पिंपात तांब्या बुडवला, आणि तांब्यातून तपकिरी रंगाचे पाणी व एक दातेरी चाक बाहेर आले. त्या रात्री आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. सुदैवाने या दोन्ही पदार्थांना पाणी लागत नाही. नंतर मात्र फार लागते.

या प्रसंगानंतर मी एका जाणकाराचा शोध घेतला आणि पूर्व भागातून एका गिरणीतले जुने फिटर आमच्याकडे येऊ लागले. वय पंचाहत्तरीच्या अलीकडचे, डोक्यावर पांढरी टोपी, खिशात एक सहा इंची पोलादी पट्टी. त्यांची मातृभाषा तेलुगू. यंत्राशी ते तेलुगूत बोलत, मोटरीशी दखनी हिंदीत, पैशांचा हिशेब कानडीत करीत, आणि शिवी मात्र शुद्ध मराठीत देत. मला ते 'मालक' म्हणू लागले. सोलापुरात रिक्षावाला प्रवाशाला आणि भाजीवाला गिऱ्हाइकालाही मालकच म्हणतो हे मला पुरेपूर माहीत आहे; परंतु छत्तीस वर्षे 'सर' ऐकलेल्या कानांना त्या शब्दाने जी गुदगुली झाली ती मी नाकारणार नाही. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर पोलादी पट्टी उभी धरली, खालून येणारा उजेड पाहिला, बोटाने शाफ्ट हलवून पाहिला आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय. बाकी माल चांगलाय. कशाला घाबरालाव, मालक? हुतंय."

दुसऱ्या दिवशी ते बरोबर सात वाजता आले. तिसऱ्या दिवशीही सातला. चौथ्या दिवशी मी साडेसातला चहाचा पेला घेऊन खोलीत शिरलो, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. ती नजर मी ओळखली. छत्तीस वर्षे मीच ती उशिरा येणाऱ्या मुलांवर टाकीत आलो होतो. दहाला चहा, बाराला जेवणाची सुटी, तीनला पुन्हा चहा, साडेचारला हात धुणे, असा क्रम कोणी न ठरवता लागू झाला. हे पाहून अव्वल कारकुनांना स्फुरण चढले आणि त्यांनी रकाने आखून एक हजेरीपट तयार केला. गिरण्या एकामागून एक थंडावल्या, भोंगे मुके झाले, आणि एका गावभर माणसांच्या दिवसाचे सात वाजणे कायमचे चुकले. आमच्या खोलीत ते पुन्हा वाजू लागले होते. यंत्र आम्ही दुरुस्त करीत आहोत अशी माझी समजूत होती. वस्तुतः त्या बंद यंत्राने एका आठवड्यात तीन निवृत्त माणसांना पुन्हा कामावर घेतले होते, आणि तेही बिनपगारी.

बेअरिंगचे काम मी जन्मात विसरणार नाही. या यंत्राचा शाफ्ट छऱ्यांवर फिरत नव्हता. तो कथिल, अँटिमनी आणि तांबे यांच्या एका मऊ मिश्रधातूत फिरत असे. फिटर त्याला व्हाइट मेटल म्हणतात. १८३९ साली आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तो काढला म्हणून ग्रंथांत त्याला बॅबिट म्हणतात. गोल करवतीची कल्पनाही त्याच्याच एका आडनावभगिनीची असे सांगतात : टॅबिथा बॅबिट या विणकर बाईने १८१३ च्या सुमारास दोन माणसे लांब करवत ओढताना पाहिली, एका दिशेचे त्यांचे श्रम वाया जातात हे तिच्या ध्यानात आले, आणि तिने घरच्या सूतकताईच्या चाकाला दाते असलेली तबकडी लावली. तिच्या आधी १७७७ मध्ये सॅम्युएल मिलर या इंग्रजाच्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख येतो, असे पुतण्याने मला सुनावले. ते खरेही आहे. पण विणकरांच्या गावात राहून मी विणकर बाईचा पक्ष सोडावा, हे होणे नाही.

मामांनी (फिटरना आता आम्ही सारेच मामा म्हणू लागलो होतो) जुना धातू वितळवून काढला. शाफ्ट रॉकेलच्या चिमणीवर फिरवून त्याच्यावर काजळी धरली, म्हणजे नवा धातू त्याला चिकटू नये. मग शाफ्ट जागेवर बरोबर समतल बसवून दोन्ही बाजूंच्या फटी त्यांनी मातीने लिंपल्या, आणि ती माती शेगडीच्या आचेवर इतकी कोरडी केली, की टिचकी मारल्यावर खापरासारखी वाजावी. वैशाखातली दुपार, पत्र्याचे छप्पर आणि खाली कोळशाची शेगडी. खोलीत आम्ही चौघे आणि लोखंडी पळीत पाऱ्यासारखा लखलखणारा तो रस. मामांनी लाकडाची एक ढलपी त्यात बुडवली. ढलपी पेटली नाही. नुसती तपकिरी होऊन तिच्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली. "आता," ते म्हणाले. तेवढ्यात पुतण्या कपाळाचा घाम पुसण्यासाठी शेगडीवर वाकला, आणि मामांनी त्याला अशा मराठीत मागे हटवले, की जिचा अंतर्भाव मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात करू शकलो नसतो. घामाचा एक थेंब त्या रसात पडला असता तर त्याची क्षणार्धात वाफ होऊन रस आमच्या तोंडावर उडाला असता. मग त्यांनी पळी उचलली आणि हात न थरथरू देता, मध्ये श्वासही न घेता, एका दमात सारा रस ओतला. कारण मध्ये थांबले की धातूत सांधा राहतो आणि सांधा राहिला की बेअरिंग फुटते. रस वरपर्यंत आला, क्षणभर आरशासारखा स्थिर झाला आणि पाहता पाहता साय धरल्यासारखा मंद झाला. कोणी काही बोलले नाही. अव्वल कारकुनांनी हळूच घड्याळ पाहून वेळ टिपून घेतली.

पुढचे तीन दिवस मामा शाफ्टला निळा रंग लावून बेअरिंगमध्ये फिरवीत, निळे डाग जेथे उमटतील तेवढेच चिमूटभर खरवडीत, पुन्हा रंग लावीत, पुन्हा खरवडीत. रिकाम्या हातांना काम म्हणून मी एका पायावरचा रंग काढत बसलो. हिरव्याखाली करडा, करड्याखाली तांबडा असे थर निघत गेले आणि अखेर बिडात ओतलेली उठावाची इंग्रजी अक्षरे बोटाला लागली. मी मँचेस्टरच्या आशेने पुढची अक्षरे मोकळी केली. ती 'बटाला' अशी निघाली. पंजाबातले बटाला गाव बिडाच्या ओतकामासाठी आणि यंत्रांसाठी प्रसिद्ध आहे, यात संशय नाही. परंतु मी गेला महिनाभर पाहुण्यांना जे सांगितले होते त्यात पंजाब कोठेच बसत नव्हता. मी मामांकडे पाहिले. ते खरवडतच म्हणाले, "मला पयल्या दिवशीच ठाव हुतं, मालक. तुम्ही लई खुशीत दिसालाव, म्हणून बोललो न्हाई."

मोटर तीन फेजची होती व आमची वीजजोडणी एका फेजची. अव्वल कारकुनांनी अर्जाचा मसुदा तयार केला होता, तो मी कसाबसा परतवला आणि दोन अश्वशक्तीची एका फेजची मोटर आणली. तिच्यावर सहा इंची पुली, शाफ्टवर तीन इंची. मोटरीचे मिनिटाला १४४० फेरे, म्हणून पात्याचे त्याच्या दुप्पट. पाते बारा इंची, तेव्हा पात्याचा दाता ताशी सुमारे १६५ किलोमीटर धावणार, हा हिशेब मामांनी कानडीत आणि पुतण्याने कॅल्क्युलेटरवर केला व दोन्ही उत्तरे जुळली. सोलापूर स्थानकातून कोणतीही गाडी या वेगाने जात नाही.

उद्घाटनाला गल्ली लोटली. कुटुंबाने नारळ फोडला. मी खटका दाबला, पट्टा सळसळला, पाते प्रथम दिसत होते, मग अदृश्य झाले आणि खोलीत एक असा ऊर्ध्वस्वर भरला, की समोरच्या घरातील वृद्ध आजींनी "भोंगा झाला का गं?" असे विचारल्याचे मागाहून कळले. मी एक फळी पुढे सरकवली. फळी कापली गेली नाही. ती जळू लागली. मी अधिक जोर केला, तेव्हा अधिक धूर निघाला आणि जमलेल्या मंडळींपैकी एकाने होळीच्या सरावाबद्दल पृच्छा केली. मोटर उलट फिरत होती व दात्यांची पाठ लाकडावर घासत होती, हे मामांनी ओळखून मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल केली. यावेळी फळी लोण्यासारखी दुभंगली. लगेच दुसरी फळी मी जरा तिरपी धरली, तेव्हा पात्याने ती माझ्या हातातून हिसकावून, माझ्या कमरेला चाटून जाईल अशी, मागे भिरकावली आणि ती बरोबर दारातल्या चहाच्या किटलीला लागली. त्या दिवसापासून पात्याच्या समोरासमोर उभे राहायचे नाही, बाजूला राहायचे, आणि शेवटचा वीतभर भाग हाताने नव्हे, लाकडी काठीने ढकलायचा, असा नियम झाला. मामांची दहाही बोटे शाबूत आहेत. पन्नास वर्षे यंत्रांत काढलेल्या माणसाच्या बाबतीत यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र असू शकत नाही.

देव्हाऱ्यासाठी मी गावाकडच्या पडक्या घराच्या माळवदातली एक सागवानी तुळई आणून ठेवली होती. माळवदाच्या लाकडात तीन पिढ्यांनी पाळणे, कंदील आणि कणसांच्या जुड्या टांगण्यासाठी खिळे ठोकलेले असतात आणि त्यांतले काही लाकूड आतल्या आत गिळून टाकते, हे मला पात्याचे तीन दाते उडाल्यावर कळले. नवे पाते येईपर्यंत पंधरा दिवस गेले. पुढे ज्या वस्तू तयार झाल्या त्या अशा : मामांना बसायला एक स्टूल, अव्वल कारकुनांच्या दप्तरासाठी एक पेटी आणि दहा व तीनच्या चहासाठी एक तबक. देव्हारा आमच्या कुटुंबाने नवरात्रापूर्वी बाजारातून विकत आणला. खंडेनवमीला त्यांनी यंत्राला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली आणि नैवेद्य दाखवला. मामांनी त्या दिवशी भरपगारी सुटी जाहीर केली. पगार कोणाचा आणि देणार कोण, हा मुद्दा अव्वल कारकुनांनी विचारार्थ ठेवून घेतला आहे.

परवा महिनाअखेर होती. हजेरीपट सहीसाठी माझ्यापुढे आला. मामांचे सव्वीस दिवस भरले होते, अव्वल कारकुनांचे पंचवीस, रविवारी येणाऱ्या पुतण्याचे चार. कुटुंबाचे नाव 'व्यवस्थापन' या सदराखाली स्वतंत्र लिहिले होते. माझे नाव सर्वांत शेवटी असून हुद्द्याच्या रकान्यात 'बदली कामगार' अशी नोंद आहे, आणि त्या महिन्यात मला सहा खाडे लागले आहेत.